तयार बिल्ड देणे ही मॉड्यूल लिहिणाऱ्याचीच जबाबदारी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्याने पायथॉन ही संगणकभाषा शिकणाऱ्यांसाठी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. लेख सुबोध आणि उपयुक्त आहे. मात्र ‘पायथॉनमध्ये एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा चालतो’ हे त्यातील विधान अपुरे आहे, आणि त्यात जे सांगायचे राहिले तेच माझे रोजचे काम असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामपुरते ते विधान बहुतांशी खरे आहे. परंतु आकडेमोडीसाठीच्या नमपायसारख्या ज्या पॅकेजेसमुळे (तयार कोडच्या संचांमुळे) ही भाषा वैज्ञानिक कामात रुळली, त्यांचा वेगवान गाभा मुख्यतः सी भाषेत लिहिलेला असतो. अशा गाभ्याला नेटिव्ह एक्स्टेन्शन मॉड्यूल म्हणतात, आणि तो प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी व प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळा कंपाइल करावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलून घ्यावा लागतो. पॅकेज देणाऱ्याने असे कंपाइल केलेले तयार बिल्ड, म्हणजे ‘व्हील’ फाइल, दिलेली नसेल तर पॅकेज बसवणारे पिप हे साधन, वापरणाऱ्याच्याच संगणकावर मूळ कोड कंपाइल करू पाहते. विंडोजवर कंपायलर नसतो, त्यामुळे ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढील आवृत्ती हवी’ असा संदेश येतो आणि सगळे तिथेच थांबते. पहिल्याच आठवड्यात हा संदेश पाहून, आपलेच काहीतरी चुकले असे समजून शिकणे सोडून दिलेली मुले मी पाहिली आहेत. चूक त्यांची नव्हती.

कोड ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ आहे असे म्हणण्यापूर्वी तो सर्व ठिकाणी चालवून पाहावा लागतो, हे मी स्वतः एका चुकीतून शिकलो. मोठ्या फाइलमधील नोंदींचे स्थान साठवण्यासाठी मी सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार वापरला होता. ६४-बिट लिनक्सवर आणि मॅकवर तो ६४ बिटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर मात्र ३२ बिटांचाच. फाइल २ गिगाबाइटच्या पुढे गेली की विंडोजवर स्थानाचे आकडे ऋण येऊ लागले. कंपायलरने त्रुटी दाखवली नव्हती, चाचण्याही लहान फाइलींवरच होत्या. निश्चित रुंदीचे, म्हणजे सगळीकडे तितक्याच बिटांचे राहणारे पूर्णांक प्रकार वापरणे हा उपाय एका ओळीचा होता, पण तो सुचेपर्यंत एका वापरकर्त्याची माहिती चुकीची वाचली गेली होती आणि त्याची खंत मला आजही आहे. विंडोजवर आणखी एक धोका असतो: एका सी रनटाइमने (सी प्रोग्राम चालताना लागणाऱ्या मूलभूत लायब्ररीने) दिलेली मेमरी दुसऱ्या रनटाइमकडून मोकळी केली, तर प्रोग्राम अचानक कोसळू शकतो. म्हणून मेमरी ज्याने घेतली त्यानेच ती सोडावी, हा नियम मॉड्यूलमध्ये काटेकोरपणे पाळावा लागतो.

लिनक्सची अडचण वेगळी आहे. नव्या लिनक्सवर कंपाइल केलेले मॉड्यूल जीलिबसी या मूळ लायब्ररीतील नव्या फंक्शन-आवृत्त्या मागते आणि जुन्या लिनक्सवर सुरूच होत नाही. त्यामुळे बिल्ड मुद्दाम जुन्या सिस्टिमवर करतात. लिनक्सच्या व्हीलसाठीच्या ‘मेनीलिनक्स’ मानकामागचा विचार हाच आहे: २०१४ या वर्षाचे नाव लावलेले त्याचे रूप सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर आधारलेले आहे. पण अल्पाइनसारख्या लिनक्समध्ये जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते आणि तिथे हे व्हील चालत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती कूटबद्ध करणाऱ्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजच्या ३.४ आवृत्तीत रस्ट भाषेतील भाग आला, तेव्हा अल्पाइनसाठी तयार व्हीलची सोयच नव्हती आणि अनेकांचे बिल्ड रस्ट कंपायलरअभावी बंद पडले. मेमरीच्या सुरक्षिततेसाठी रस्टकडे वळण्याचा निर्णय माझ्या मते योग्यच होता, पण वापरणाऱ्यांना त्याची झळ बसली हेही तितकेच खरे. मसलसाठीचे व्हील-मानक त्याच वर्षी ठरले.

आता आकडा मांडतो. विंडोजसाठी १, मॅकच्या दोन प्रोसेसरांसाठी २, तसेच दोन प्रोसेसर धरून जीलिबसी लिनक्ससाठी २ आणि मसलसाठी २, असे ७ बिल्ड धरले आणि पायथॉनच्या ५ आवृत्त्यांना आधार द्यायचा ठरवले, तर प्रत्येक प्रकाशनाला ३५ व्हील तयार करावे लागतात. एकट्यादुकट्या विकसकाला हे झेपत नाही, आणि कंपायलरचे ओझे वापरणाऱ्यावर जाऊन पडते. यावर उपाय २०११ पासून, म्हणजे पायथॉन ३.२ पासून उपलब्ध आहे. सी एपीआयचा, म्हणजे सी कोडला पायथॉनशी जोडणाऱ्या फंक्शनांच्या संचाचा, मर्यादित, स्थिर भागच वापरला तर एका आवृत्तीसाठी केलेले बिल्ड पायथॉन ३ च्या पुढील आवृत्त्यांतही चालते, आणि ३५ च्या जागी ७ व्हील पुरतात. त्यासाठी थोडा वेग सोडावा लागतो, काही फंक्शने वापरता येत नाहीत, आणि ३.१३ पासून मिळू लागलेल्या, जीआयएल लॉक (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे कुलूप) नसलेल्या पायथॉनसाठी वेगळे बिल्ड करावेच लागते. अगदी आतल्या, पुन्हापुन्हा चालणाऱ्या फेरीत (लूपमध्ये) पायथॉनच्या ऑब्जेक्टांशी सतत व्यवहार करणाऱ्या मॉड्यूलला हा मार्ग महाग पडेल. बाकीच्यांनी तो न वापरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

सी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की एक तरी छोटे एक्स्टेन्शन मॉड्यूल विद्यार्थ्यांकडून दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल्ड करून घ्यावे. मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी सगळी व्हील आपोआप बनवणारे सीआयबिल्डव्हीलसारखे मोफत साधन वापरून प्रत्येक प्रकाशनासोबत तयार व्हील द्यावेत आणि ते ज्या संगणकावर बनले त्याऐवजी दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर आधी तपासावेत. आणि या मॉड्यूलांवर ज्यांची उत्पादने उभी आहेत त्या कंपन्यांनी निदान एआरएम प्रोसेसरची यंत्रे या चाचण्यांसाठी उपलब्ध करून द्यावीत, कारण अनेक विकसकांकडे ती नसतात.

आपला नम्र,
एक वाचक व सॉफ्टवेअर विकसक