सूचना: विंडोज डोमेनचे (ऑफिसच्या सगळ्या पीसींचं एकत्र नेटवर्क) युजर अधूनमधून सापडत नसतील तर
मंडळी, फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक नंबर (युजरचा ओळख क्रमांक) दिसतोय आणि थोड्या वेळाने आपोआप नाव येतंय, असं असेल तर लगेच पीसी डोमेनमधून काढून परत जोडायच्या भानगडीत पडू नका. आधी डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बघा. बऱ्याच ठिकाणी प्रायमरीला डोमेन कंट्रोलर (डोमेनचे युजर सांभाळणारा सर्व्हर) आणि अल्टरनेटला ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाकलेलं असतं, मग पहिला उत्तर द्यायला लेट झाला की विंडोज गूगलला विचारतं, त्याला आपलं आतलं डोमेन कुठून माहीत असणार! दोन्हीकडे आतलेच सर्व्हर टाका. घड्याळही बघा, पीसी आणि कंट्रोलरच्या वेळेत ५ मिनिटांच्या वर फरक गेला की कर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासणी) अडतं. तरीही जमलं नाही तर एनएलटेस्ट या विंडोजच्या कमांडने कुठला कंट्रोलर मिळतोय ते इथे टाका, नुसतं "चालत नाही" नको.