अपस्माराच्या मुलांचा एमआरआय एक मिलिमीटरचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या अपस्मारात (वारंवार फिट येण्याच्या आजारात) डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेले मेंदूतले दोष कृत्रिम बुद्धिमत्ता शोधून काढते, अशा बातम्या अलीकडे बऱ्याच ठिकाणी छापून आल्या. त्या खोट्या नाहीत. लंडनच्या संशोधकांनी सुरू केलेल्या 'मेल्ड' प्रकल्पात २३ केंद्रांतले एमआरआय एकत्र करून एक प्रणाली तयार झाली आणि रेडिओलॉजिस्टकडून पूर्वी सुटलेल्या दोषांपैकी ६४ टक्के तिने ओळखले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण या बातम्या वाचून मोठ्या आशेने फाइल घेऊन येणाऱ्या आईवडिलांपर्यंत एक गोष्ट पोचलेली नसते. ही प्रणाली फिल्म वाचत नाही. तिला एक मिलिमीटर जाडीचा, मध्ये कुठेही फट न सोडता घेतलेला त्रिमितीय टी-वन (एमआरआय चित्रांचा एक प्रकार) लागतो. आपल्याकडे फिट आलेल्या मुलाचा जो एमआरआय होतो, त्यात अनेकदा तोच नसतो.

नेहमीच्या 'ब्रेन प्लेन' तपासणीत मेंदूचे काप साधारण पाच मिलिमीटर जाडीचे असतात आणि दोन कापांमध्ये एक-दीड मिलिमीटर जागा सुटते. गाठ, रक्तस्राव किंवा मेंदूत साठलेले पाणी यांसाठी एवढे पुरते. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसियासाठी पुरत नाही. गर्भात मेंदूची साल घडताना एखाद्या ठिकाणच्या पेशींची मांडणी बिघडते, तो हा दोष. अपस्मारासाठी ज्या मुलांची शस्त्रक्रिया होते, त्यांच्यात सर्वाधिक आढळतो तो हाच. पुष्कळदा तो मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या घळीच्या तळाशी जेमतेम सेंटिमीटरभर जागेत असतो. तिथे साल किंचित जाड दिसते, राखाडी आणि पांढऱ्या भागांमधली रेघ पुसट होते आणि फ्लेअर या प्रकारच्या चित्रात एक उजळसर शेपटी मेंदूतल्या पोकळीकडे जाताना दिसते. जाड कापात हे सगळे शेजारच्या निरोगी भागात मिसळून जाते. मग रिपोर्टवर 'नॉर्मल' येते, औषधे बदलत राहतात आणि मुलाची शिकण्याची वर्षे निघून जातात.

जर्मनीतल्या बॉन येथील २००२ सालचा अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. साधा एमआरआय आणि अपस्माराचा विशेष अनुभव नसलेला वाचक असला, तर ३९ टक्के दोष सापडले. तीच चित्रे अनुभवी तज्ज्ञाने वाचली, तेव्हा ५० टक्के. तपासणीही अपस्मारासाठी बेतलेली आणि वाचणाराही तज्ज्ञ असेल, तर ९१ टक्के. म्हणजे निव्वळ तज्ज्ञ गाठून भागत नाही, तपासणीच वेगळी करावी लागते.

ती कशी करायची, हे ठरलेले आहे. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१९ मध्ये 'हार्नेस' नावाचा प्रोटोकॉल सुचवला. त्यात तीनच गोष्टी मुख्य आहेत: एक मिलिमीटरचा त्रिमितीय टी-वन, तेवढ्याच जाडीचा त्रिमितीय फ्लेअर आणि हिप्पोकॅम्पसच्या (स्मृतीशी निगडित, मेंदूच्या आतल्या भागाच्या) लांबीला काटकोनात घेतलेले बारीक कोरोनल (समोरून उभे) टी-टू काप; टी-टू हाही चित्रांचा एक प्रकार. साधारण अर्ध्या तासाचे काम. तीन टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्र असल्यास उत्तमच, पण चांगली हेड कॉइल (डोक्याभोवती बसवायचा भाग) असली तर दीड टेस्लावरही हे करता येते. कोरोनल कापांच्या कोनाकडे मात्र नीट लक्ष हवे. कॉइलमध्ये डोके थोडे जरी कलले, तरी एका बाजूचा हिप्पोकॅम्पस लहान भासतो आणि नसलेला आजार रिपोर्टात येऊ शकतो.

तान्ह्या बाळांची गोष्ट आणखी वेगळी. साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण तयार होत असते, त्यामुळे राखाडी-पांढऱ्या भागांतला फरक चित्रात पुसट असतो. या वयात एमआरआय स्वच्छ आला आणि फिट्स थांबल्या नाहीत, तर दोन-अडीच वर्षांचे झाल्यावर तो पुन्हा करावा लागतो. 'एकदा झालाय' म्हणून टाळू नये.

चिठ्ठीवर 'सीझर्स, एमआरआय ब्रेन' एवढेच लिहून पाठवणे आम्हा डॉक्टरांनीच थांबवायला हवे. फिट डाव्या हातापासून सुरू होते की डोळे उजवीकडे वळतात, ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात) कोणत्या भागावर संशय आहे, जन्मानंतर साखर उतरली होती का, बाळ उशिरा रडले होते का, हे लिहिले की वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथे जाते. औषधेही लिहावीत. फिटच्या व्हिगाबॅट्रिन या औषधामुळे थॅलॅमस आणि ब्रेनस्टेम या मेंदूच्या खोल भागांत तात्पुरते बदल दिसू शकतात, एसीटीएच हे संप्रेरक किंवा स्टिरॉइडच्या कोर्सनंतर मेंदू आकसल्यासारखा वाटतो आणि लांबलेल्या फिटनंतर काही दिवस हिप्पोकॅम्पस सुजलेला दिसू शकतो. हे माहीत नसेल, तर भलताच रोग लिहिला जातो.

तपासणी बिघडते ती बहुधा हालचालीने. लहान मूल झोपेचे औषध देऊन आत जाते, वीस मिनिटांनी आवाजाने चाळवते आणि राहिलेली चित्रे धूसर येतात. म्हणून त्रिमितीय टी-वन आणि फ्लेअर आधी उरकावेत, कानांवर संरक्षक लावावेत. भुलेसाठी पाणी दोन तास, आईचे दूध चार तास, वरचे दूध किंवा हलके खाणे सहा तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम. केंद्राने वेगळे सांगितले असेल, तर ते पाळावे. पण उपाशी ठेवायचे म्हणून काही घरी सकाळचा फिटच्या औषधाचा डोसही चुकवतात आणि तिथेच फिट येऊन तपासणी रद्द होते. हा डोस भूलतज्ज्ञांना विचारून घोटभर पाण्याबरोबर द्यायचा असतो. कमरेची साखळी, वाळे, ताईत, झबल्याची सेफ्टी पिन घरूनच काढून यावे. डोक्यात शंट (मेंदूतले जादा पाणी वाहून नेणारी नळी) असेल, तर तो कोणता याचे कार्ड बरोबर हवे, कारण काही शंटची झडप चुंबकाने सरकते आणि नंतर पुन्हा तपासून बसवावी लागते.

प्रत्येक मुलाला हे सगळे लागते असे मुळीच नाही. तापातल्या साध्या झटक्याला एमआरआयची गरज नसते. ईईजी आणि लक्षणे नेमकी जुळत असतील, तर क्षणभर तंद्री लागणाऱ्या अॅब्सेन्स अपस्मारालाही सहसा नसते. आपल्याकडे पट्टकृमीच्या अळीमुळे किंवा क्षयाच्या गाठीमुळे येणाऱ्या फिट्स बऱ्याच, आणि जुन्या अळीचा कॅल्शियमचा ठिपका सीटीवर अधिक स्पष्ट दिसतो. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स चालूच राहिल्या, की मात्र हार्नेस पद्धतीचा एमआरआय आणि अपस्मार केंद्राचा सल्ला लांबवू नये. पेट, स्पेक्ट, एमईजी या पुढच्या खास तपासण्यांचा विचार त्यानंतर.

आरोग्य खात्याकडे एक नेमकी मागणी आहे. सरकारी रुग्णालयांत एमआरआय चालवण्याचे करार होतात, तेव्हा 'ब्रेन प्लेन'खेरीज 'अपस्मार प्रोटोकॉल' अशी स्वतंत्र नोंद आणि वेगळा दर ठेवावा. दर एकच असला, तर अर्धा तास यंत्र अडवून ठेवणारी तपासणी कोणत्याही केंद्राला परवडणार नाही, आणि त्यात तंत्रज्ञांना दोष देऊन उपयोग नाही. त्याच करारात डायकॉम स्वरूपातला (यंत्रातून निघालेल्या मूळ डिजिटल चित्रांचा) डेटा विनामूल्य देण्याचे बंधन घालावे. फिल्मवर टपाल तिकिटाएवढी चित्रे असतात, त्यावर डिस्प्लेसिया शोधता येत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोचाही उपयोग नाही.

आईवडिलांना घरीही एक पडताळणी करता येते. सीडी संगणकावर उघडून टी-वनच्या मालिकेत किती चित्रे आहेत ते पाहावे. वीस-पंचवीस असतील, तर काप जाड आहेत. दीडशेच्या पुढे असतील, तर बहुधा त्रिमितीय चित्रे आहेत, आणि तीच सीडी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येते, मुलाला पुन्हा भूल द्यावी लागत नाही. कधी त्रिमितीय चित्रे घेतलेली असूनही सीडीवर टाकलेली नसतात. तसे वाटल्यास केंद्रात लगेच विचारावे, कारण जागा करण्यासाठी जुना डेटा काही ठिकाणी पुसला जातो. सीडी मागायची ती रिपोर्ट हातात घेतानाच.

आपले,
बालमेंदूविकारतज्ज्ञ व रेडिओलॉजिस्ट, नाशिक