गट्टू बसवायच्या आधी झाडाची जागा सोडा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या मे महिन्यात आईला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. गाडी पार्किंगमध्ये लावली, दीड तासानं बाहेर आलो तर सीटवर हात ठेववत नव्हता, शेवटी दुपट्टा नळाखाली भिजवून सीटवर टाकला तेव्हा कुठं आई बसली. तोवर ती भिंतीच्या हातभर सावलीत गोळ्यांची पिशवी धरून उभी. याच जागेवर आधी तीन मोठे कडुनिंब होते. गट्टू, म्हणजे जमिनीवर बसवतात ते सिमेंटचे ब्लॉक, लावताना एक तोडला, बाकी दोघांच्या पार बुडाला चिकटून गट्टू लावले आणि वरून सिमेंट मारलं, मग दोन उन्हाळ्यांत तेही वाळले. मुळांना पाणी नाही, हवा नाही, झाड जगणार कसं? दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयानं, 2013 मध्येच सांगितलं होतं की झाडाच्या बुडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमधून मोकळी करा. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आपल्याला तर हे कोणी सांगायची गरजच पडू नये.

आता हे पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्या आठवडी बाजाराजवळ नवीन पार्किंग होणार आहे, मुरूम येऊन पडलाय, गट्टू अजून आले नाहीत. म्हणजे वेळ आहे. गाड्यांच्या दोन रांगांच्या मधोमध चार बाय चार फुटाची जागा सोडा, तीन फूट खड्डा घ्या, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते म्हणून तिच्यात शेणखत आणि थोडा मुरूम मिसळा, जमिनीचा उतार झाडाकडे द्या म्हणजे पावसाचं पाणी नालीत न जाता बुडाशी जाईल. भोवती दगडाचा ओटा करा, नाहीतर पहिल्याच बाजाराला कोणीतरी गाडी रिव्हर्स घेताना रोप मोडणार.

आणि झाड कोणतं, हे नीट बघा. गुलमोहर दिसायला छान पण ऐन उन्हाळ्यात त्याची पानं झडलेली असतात, फांद्याही ठिसूळ, वादळात गाडीवर पडतात. शोभेच्या पामची सावली एका माणसाला पुरत नाही. कोनोकार्पस नावाचं विदेशी झाड लवकर वाढतं म्हणून सगळीकडे लावतात, त्याच्यावर गुजरात सरकारनं 2023 मध्ये बंदी आणली. आपला कडुनिंब बघा, पाडव्याला आपण त्याची कोवळी पालवी खातो आणि मे लागेपर्यंत त्याची गच्च सावली तयार असते. करंजही तसाच.

झाडांमुळे गाड्यांची जागा जाते असं म्हणतात. साहेब, कोणत्याही सरकारी ऑफिसच्या आवारात दुपारी जाऊन बघा, अर्धं पार्किंग रिकामं असते आणि एका कडुनिंबाखाली तीस गाड्या एकमेकीत अडकलेल्या, एक काढायची तर पाच सरकवा. मग जागा कुठं वाचली?

पाच झाडं लावायला सांगा फक्त, जून-जुलैत पाऊस लागला की. मी रोज सकाळी दूध घालायला त्याच रस्त्यानं येतो, पहिले दोन-तीन उन्हाळे त्या पाचही झाडांना पाणी मी घालीन, बोराटीचं कुंपणही मीच आणून लावीन. गट्टूचा ट्रक यायच्या आधी हे पत्र छापा, एवढी विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक