रविवारच्या बोलणीआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी वारज्याच्या फ्लॅटची बोलणी आहेत. त्याआधी सगळे आकडे तुमच्या हातात असावेत, म्हणून लिहितेय.

मालकांची मागणी 72 लाखांची आहे. एजंट म्हणतो, "850 फूट आहे, फुटाला साडेआठ हजारांच्या आत पडतं." पण हे 850 जिना, लिफ्ट सगळं धरून आहेत. मूळ करारात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, 58.06 चौ. मी. लिहिलंय, 10.764 ने गुणलं की 625 चौ. फूट. म्हणजे भाव फुटाला 11,520 रुपये पडतो. बोलायचं ते कार्पेटवरच. त्याच इमारतीत वर्षभरात झालेल्या विक्रीची सूची क्र. 2, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते, त्यात मोबदला, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. तो कागद पुढे ठेवला की एजंटच्या तोंडी भावाला फारसा अर्थ उरत नाही. मात्र जुन्या नोंदीत क्षेत्रफळ बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, असू शकतं, ते तपासूनच तुलना करायची.

माझा हिशोब असा: सुरुवात 65 लाखांपासून, आणि 68 च्या वर जायचं नाही. 68 ला बँक 80 टक्के धरून 54.40 लाख देईल. पण बँकेच्या व्हॅल्युअरने (घराची किंमत ठरवणाऱ्याने) 66 च लावले तर कर्ज 52.80 वर येतं आणि वरचे 1.60 लाख आपल्याला घालावे लागतात. आपले 13.60 लाख, त्यावर मुद्रांक शुल्क आणि 30,000 नोंदणी फी. हे दोन्ही बँक कर्जात धरत नाही.

बाबा, तुमचं नाव खरेदीखतात असावं असं मलाही वाटत होतं. पण पुणे मनपा हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर 6. एका टक्क्याचे 68,000 होतात. म्हणून आईचं आणि माझं नाव घालूया. घर तुमचंच आहे, हे कागदाने ठरत नाही.

आठ लाख रोख द्या, करार 60 चा करू, असं मालक म्हणतील. तिथे स्पष्ट नकार द्यायचा. करार 60 चा झाला की कर्ज 48 लाखच मिळतं, म्हणजे घरचे 20 लाख लागतात. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे. आणि उद्या विकायला काढलं की त्या आठ लाखांवरही आपल्यालाच कर.

भाव उतरवायला खरा आधार भिंतीत आहे. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला, कपाटाच्या मागे, खाली वीतभर रंगाचे पापुद्रे सुटलेत. बाथरूमच्या फरशीवर बोटाच्या पेराने ठोकलं की बद्द आवाज येतो. सांध्यातलं भरण गेलं की पाणी कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या थरात, मुरतं. वरून रंग मारून ते थांबत नाही. फरशी काढून, कोबा फोडून वॉटरप्रूफिंग करावं लागतं. पाणी खालच्या घरात उतरलं तर भांडण नव्या मालकाच्या, म्हणजे आपल्या दारात येतं. दुरुस्तीचं लेखी कोटेशन घेऊन तेवढी रक्कम वजा मागायची. नुसतं "थोडं कमी करा" म्हटलं तर पन्नास हजारांवर बोळवण होते.

मालकांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. बँकेकडून थकबाकीचं पत्र आणल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. सोसायटीचं ना हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्तही हवं. इमारतीच्या रंगाची किंवा गच्चीच्या कामाची वर्गणी ठरली असेल तर ती कोण भरणार, हे भावातच धरायचं. सोसायटीची हस्तांतरण फी 25,000 च्या वर नाही. ती निम्मी-निम्मी करू.

विसार एक लाखाच्या वर नको, आणि तोही चेकने. विसारपावतीत कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम 15 दिवसांत परत, हे वाक्य आलंच पाहिजे. किंमत 50 लाखांच्या वर आहे, म्हणून 1 टक्का टीडीएस, म्हणजे मालकांच्या नावचा आयकर, त्यांच्या रकमेतून कापून आपण भरायचा. हे आधीच सांगून ठेवूया, नाहीतर खरेदीखताच्या दिवशी 68,000 वरून गाडं अडतं.

आई, बाल्कनी तुला आवडली आहे, पण त्यांच्यासमोर बोलू नकोस. आत गेलीस की कपाट सरकवायला सांग, भिंतीला हात लावून बघ. ओल तुला माझ्याआधी कळेल.

तुमची लेक