आत्याचा कूस बदलण्याचा तक्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची आत्या गेल्या आठवड्यात कळव्यात राहत्या घरी वारली. सरकारी रुग्णालयात ती अधिपरिचारिका म्हणून लागली आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या भाषेत इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाली. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तिला सेवाभावी म्हटले, आणि ती होतीच. पण तिच्या हातात नेमके काय होते, हे फारसे कोणी बोलले नाही. ते तिच्याबरोबर जाऊ नये, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर खारेगाव, पारसिकनगर, विटावा या भागात कोणी पक्षाघाताने किंवा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळले की आत्याला बोलावणे यायचे. घरात शिरल्यावर तिचा पहिला प्रश्न असायचा, "शेवटची कूस कधी बदलली?" बहुतेक घरांत उत्तर मिळे, "सकाळी." तोवर दुपारचे तीन वाजलेले असत.

माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खांद्याचे पाते, डोक्याची मागची बाजू. इथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस अगदी थोडे. तिथे तासन् तास भार राहिला की रक्त पोचत नाही आणि आतले मांस मरायला लागते. वरून जखम, म्हणजे बेडसोअर, दिसते ती त्यानंतर. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची: 6 वाजता डावी, 8 ला पाठ, 10 ला उजवी, की पुन्हा डावी. कुशीवर पूर्ण आडवे केले तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी खोचून 30 अंश कलते ठेवायचे. एक उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये. एक पोटऱ्यांखाली, अशी की टाचा अधांतरी राहतील. टाच आणि चादर यांच्यामधून कागद सहज सरकला तर उशी बरोबर बसली, ही आत्याची खूण.

रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढतात, तिथेच निम्मे नुकसान होते. चादर जागेवर राहते, कातडी तिला चिकटते आणि आतले हाड पुढे जाते. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून तुटतात. यासाठी आत्या घरातली जुनी सुती साडी मागून घ्यायची. तिची चौपदरी घडी खांद्यापासून मांडीपर्यंत रुग्णाखाली अंथरायची, दोन बाजूंना दोन माणसे, दोघांनी काठ गुंडाळत रुग्णाच्या अंगाशी आणायचे, मुठी घट्ट, आणि "एक, दोन, तीन"ला उचलून सरकवायचे. मग साडीखालून तळहात फिरवून सुरकुत्या काढायच्या. त्या तळहाताला कधी सलाइनच्या सुईचे टोपण लागायचे, कधी बिस्किटाचा चुरा, कधी गाउनचे बटण. रात्रभर पाठीखाली राहिलेले बटण सकाळी आपला गोल ठसा दाखवते.

रोज अंग पुसताना ही सगळी ठिकाणे उजेडात पाहायची. लाल डाग दिसला तर अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर वेळ गेलेली नाही, भार काढला की उतरतो. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोअरची पहिली पायरी. त्या बाजूवर पुन्हा निजवायचे नाही. पुस्तकातली ही लाली गोऱ्या कातडीची, हे आत्या आवर्जून सांगायची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, जागा जांभळट-काळपट होते. बोटांना ती शेजारच्यापेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागते. म्हणून नजरेइतकाच हात महत्त्वाचा.

तिच्या शिक्षणाच्या काळात पाठीला स्पिरिट लावून, पावडर टाकून चोळायला शिकवत. लाल झालेली जागा चोळल्याने आतले नाजूक मांस आणखी दुखावते आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते, हे पुढे कळले तेव्हा तिने ती सवय सोडली. अनेक घरांत अजून चोळतात. हवा भरलेली गोल ट्यूब बुडाखाली ठेवतात, तीही नको: कडेचा दाब मधल्या भागाचे रक्त अडवतो. एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरत राहणारी गादी, चांगला, पण त्यावर गोधडी, मेणकापड आणि दोन चादरी घातल्या की त्याचा उपयोग संपला. वर एकच पातळ चादर हवी. रुग्णाच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, बेडच्या तळाशी, तळहात सरकवायचा; हाताला हाड जाणवले तर हवा कमी आहे किंवा पंप बंद पडला आहे. आणि एअर बेड आणला म्हणून कूस बदलणे सुटत नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे जखमा लवकर होतात. चादरी वाळत नाहीत, दमट कपडा तसाच अंगाखाली जातो आणि भिजलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलते. पंख्याखाली वाळवून, वर इस्त्री फिरवून, हाताला कोरडी लागेल तेव्हाच चादर घालायची. लघवी-शौचाला झाले की पुढून मागे पुसायचे, न घासता टिपून कोरडे करायचे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यायचा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग, त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, 1973 पासून 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालातही याची नोंद आहे. दोन तासांच्या हिशेबाने दिवसाला 12 वेळा धरले, तर तेवढ्या वर्षांत पावणेदोन लाखांहून जास्त वेळा कूस बदलावी लागते. हा आकडा आत्याने कागदावर मांडून दाखवला होता. परिचारिकेच्या कामाचे मोठेपण सांगायला तिला दुसरे काही लागत नसे.

इन्सुलिनच्या बाबतीत ती फार कडक होती. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा 40 युनिटचे असते, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 40, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनमधले आणि काही बाटल्यांतले 100 युनिटचे. त्याची सिरिंज केशरी टोपणाची. दुकानात लाल संपली म्हणून केशरी आणली आणि 40 च्या बाटलीतून 20 च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट झाले, म्हणजे 100 चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरले, तर जातात 50, आणि साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून भरण्याआधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. बाटली फ्रीजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकून द्यायचे.

नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याची बाजू 30 ते 45 अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. पण डोके वर केले की अंग खाली घसरते आणि माकडहाड घासते, म्हणून आधी गुडघ्यांखाली उशी घालायची, मग पाठ उचलायची. हा क्रम आम्ही कुठल्या डिस्चार्ज कार्डावर पाहिला नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगायची. कूस बदलताना ती रुग्णाच्या अंगावरून पलीकडे टाकायची नाही, लघवी उलटी मूत्राशयात जाते.

आमची विनंती ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या रुग्णालयांना आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरी सोडण्याआधी घरच्या दोघांना एक तास खाटेशी उभे करावे आणि कूस बदलणे, साडीने उचलणे, नळीतून भरवणे त्यांच्याकडून करून घ्यावे. कागद हातात देऊन हे येत नाही. वॉर्डात सिस्टरना वेळ कुठे आहे, हे आम्ही जाणतो. समजा रात्री 30 खाटांवर एकच सिस्टर आहे आणि त्यात असे 6 रुग्ण आहेत. एका रुग्णाला 10 मिनिटे धरली तरी दर दोन तासांतला एक तास नुसत्या कुशी बदलण्यातच जातो. म्हणून हे शिकवायला दुपारच्या पाळीत एक स्वतंत्र परिचारिका नेमावी. निवृत्त सिस्टर आनंदाने येतील, मानधन मात्र द्यावे.

आत्याचा तक्ता साधा आहे: वेळ, कूस, कातडी कशी होती, कोणी बदलली. एका पानावर दिवसाच्या 12 ओळी. खिळ्याला दोरीने पेन बांधून तक्ता खाटेच्या डोक्याशी भिंतीला लावायचा. शेवटचे दोन महिने तो तिच्याच खाटेशी होता, आणि आमच्यापैकी कोणी ओळ भरायला विसरले की ती डोळ्यांनी भिंतीकडे खुणावत असे.

आपल्या,
तिच्या चार भाच्या (पैकी दोघी परिचारिका),
कळवा, ठाणे