केअर होमच्या भेटीला जाण्याआधी

प्रिय शरद,

सप्रेम सलाम.

इंग्लंडात रेडिंगला बस्तान बसतं न बसतं तोच तिथल्या चर्चच्या मंडळीनं तुला केअर होमच्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासाच्या, भेटीच्या गटात ओढलं, हे छानच झालं. उपासनेत काय काय घ्यावं असं तू विचारलं आहेस. ते सांगतो, पण आधी एक गोष्ट. लाउंजमध्ये खुर्च्या मांडून बसवलेल्या लोकांसमोर गीतं म्हणायला माणसं मिळतात. ज्यांना लाउंजपर्यंत आणताच येत नाही, त्यांच्या खोलीत दहा मिनिटं बसायला कोणी मिळत नाही. म्हणून गटप्रमुखांकडे तू खोल्याच मागून घे.

सुरुवातीला डीबीएस तपासणी, म्हणजे तुझ्या नावावर गुन्ह्याची नोंद नाही ना याची सरकारी तपासणी. स्वयंसेवकांना तिची सरकारी फी पडत नाही. फॉर्म मंडळीतला सेफगार्डिंगचा, म्हणजे दुबळ्या माणसांच्या सुरक्षिततेचं काम बघणारा, माणूस भरून घेतो. आपल्यासारख्या नव्यानं आलेल्यांचं घोडं पत्त्यापाशी अडतं. मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात, तेव्हा नगरचा पत्ताही घाल आणि तारखांत एका महिन्याचीही फट ठेवू नकोस. परदेशातल्या नोंदी या तपासणीत सहसा दिसत नाहीत, त्यामुळे भारतातल्या पोलिसांचं प्रमाणपत्रही मागू शकतील. ते लवकर मागवून ठेव, त्याला वेळ लागतो.

वेळ होमच्या ॲक्टिव्हिटीज को-ऑर्डिनेटरला, म्हणजे तिथले कार्यक्रम ठरवणाऱ्याला, विचारून ठरवा. साधारण साडेबाराला जेवण असतं, त्यानंतर डुलकी. सकाळी साडेदहा किंवा दुपारी अडीच बरं. डिसेंबरात तिकडे चारच्या आत सूर्य मावळतो आणि उजेड गेला की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले बरेच जण अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणून उठू लागतात. त्या वेळी उपासना ठेवली तर ती निम्म्यावर मोडते आणि आपल्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

दारातल्या वहीत येतानाची आणि जातानाची, दोन्ही वेळा लिही. आग लागली तर आत कोण आहे ते त्यावरून मोजतात. बाहेर पडताना मागे वळून बघ. कोट, मफलर, हातात पर्स, इतक्या व्यवस्थित तयार झालेल्या आजी दाराशी उभ्या असतात की त्या भेटीला आलेल्या वाटाव्यात. आपण सभ्यपणे दार धरतो आणि त्या रस्त्यावर. दाराचा कोड म्हणूनच असतो. उलट्या-जुलाब झाले असतील तर थांबल्यापासून पूर्ण ४८ तास जाऊ नकोस. उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचं जेल चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

उपासना अर्ध्या तासाची, त्याहून लांब नको. चार गीतं, २३ वं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. प्रार्थना चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातल्या जुन्या शब्दांत म्हणा. नवं भाषांतर सुरू केलंत की सगळे गप्प बसतात, जुनं म्हटलं की तासभर न बोललेली माणसंही ओठ हलवतात. पट्टी दोन-तीन स्वर खाली घ्या, म्हाताऱ्या गळ्यांना वरचे स्वर झेपत नाहीत. गीतपुस्तकं वाटू नका. जड असतात, मांडीवरून घसरतात, पान सापडेपर्यंत गीत संपतं. एका गीताला एक सुटा कागद, अक्षर २४ पॉइंट, कागद चकचकीत नको. ‘अबाइड विथ मी’ हे गीत जरूर घ्या. फुटबॉलच्या एफए कपच्या फायनलला ते १९२७ पासून गातात, त्यामुळे चर्चची पायरी न चढलेले आजोबाही तेवढं एक म्हणतात.

प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस देण्याचा विधी, असेल तर त्याआधी नर्सला विचारायचंच: गिळण्याचा त्रास कोणाला आहे? तिथे अन्नाच्या आणि पेयाच्या घट्टपणाला ० ते ७ अशा पातळ्या असतात. दाट केलेलं पाणी पिणाऱ्याला भाकरीचा कोरडा तुकडा दिला तर तो घशात अडकतो. पाळकसाहेबांना हे ठाऊक असतं, आपल्यालाच राहवत नाही आणि आपण चहाच्या ट्रॉलीवरचं बिस्किट पुढे करतो. कोणाच्याही तोंडात आपण काही घालायचं नाही.

आता खोल्या. दार वाजव, थांब, नाव सांग, मगच आत जा. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहू नकोस, खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बस. खिडकी तुझ्या पाठीशी नको, कारण चेहरा काळोखात गेला की ओठ दिसत नाहीत आणि ऐकू कमी येणाऱ्याची अर्धी भिस्त ओठांवर असते. श्रवणयंत्राला लाल खूण असेल तर ते उजव्या कानाचं, निळी असेल तर डाव्या. उलटसुलट घातलेली खूपदा सापडतात. मुठीत धरल्यावर शिट्टी वाजली नाही तर बहुधा सेल संपलेला असतो किंवा यंत्र बंद असतं. आपण दुरुस्त करत बसायचं नाही, केअररला सांगायचं.

“मला ओळखलंत का?” हे कधीही विचारू नकोस. ती परीक्षा आहे, आणि तिथली म्हातारी माणसं तीत नापास होतात. “मी शरद, चर्चमधून आलोय, आज मंगळवार” एवढं पुरे. आजी आई कुठे आहे म्हणाल्या तर ती गेली असंही नको आणि येईल असंही नको. “आई कशी होती?” असं विचार, पुढचं त्या सांगतात. हात धरायचा तर आधी विचार, आणि अंगठी-घड्याळ काढून ठेव. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, नुसत्या ओरखड्यानं फाटते. कोणी पडलं तर उचलायला जाऊ नकोस, बेल दाब. कोणी मारतं, पैसे घेतं असं सांगितलं तर “कोणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नकोस. त्यांचेच शब्द लिहून ठेव आणि त्याच दिवशी मॅनेजरला व मंडळीच्या सेफगार्डिंगवाल्यांना सांग.

तिथले सगळे ख्रिस्ती नसतात. प्रार्थना नको म्हटलं तर क्रिकेट बोल. कोणी आपल्याकडचं आहे का तेही को-ऑर्डिनेटरला विचार. डिमेन्शियात मागाहून शिकलेली इंग्रजी बरेचदा आधी जाते आणि लहानपणची मराठी, गुजराती, कोंकणी मागे राहते. मग स्टाफला वाटतं बाई बोलतच नाहीत. अशा आजी हिंदू असतील तर तिथे आपली गीतं काढू नकोस. गाव कुठलं ते विचार.

प्रशिक्षण हवं असेल तर ॲना चॅप्लन्सी, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आध्यात्मिक आधार देणारं काम, बघ. बायबलातल्या मंदिरातल्या हन्ना (इंग्रजीत ॲना) संदेष्टीच्या नावाचं हे काम २०१० मध्ये हॅम्पशरमधल्या ऑल्टनला सुरू झालं, तुमच्यापासून फार लांब नाही.

आणखी एक. गेल्या गेल्या को-ऑर्डिनेटरला गाठ आणि आज कोणाकोणाकडे जाऊ ते विचार, थेट खोलीकडे निघू नकोस. कोणी वारलं तर होम आपल्याला फोन करून कळवेलच असं नाही, आणि खोली लवकरच दुसऱ्याला मिळते. जुन्या नावानं हाक मारत आत शिरलास तर नव्या माणसालाही वाईट आणि तुलाही.

मोठ्या अक्षरातली गीतांची पानं माझ्याकडे तयार आहेत. किती जण असतात ते कळव, तेवढ्या प्रती पोस्टानं पाठवतो. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश