ओव्हन धुवून ठेवलाय

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री साडेअकराला तू रागारागाने गाडी काढलीस आणि ‘पोचलो’ हा मेसेज आला सकाळी सव्वासातला. मधले तास मी कसे काढले ते लिहीत नाही. नानकटाईच्या ट्रेवरून इतकं बोलायला नको होतं, माझं चुकलं. रबराचा वास गेलाय आता, सोडा-लिंबू लावून दोनदा घासला. तुझ्या सिनेमातल्या एलियनच्या मुखवट्याचं एक कपाळ आत चिकटलं होतं. सुरीने अलगद सोडवलं, तरी भुवईपाशी थोडं फाटलंच.

तू सांगितलेली त्या सिनेमावाल्या पीटर जॅक्सनची गोष्ट मनातून जात नाही. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या पेपरात नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन ‘बॅड टेस्ट’चं शूटिंग, आणि एलियनचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजायचे! त्या माउलीने ओव्हन दिला आणि मी तुला दारातून घालवला. पण निखिल, त्या पोराला चार वर्षं लागली रे. सिनेमात दाढीवाला तोच झालेला, बिनदाढीचाही तोच. दोघांची मारामारी दाखवायची तर मध्ये दाढी वाढेपर्यंत थांबायलाच हवं. शेवटी तिथल्या फिल्म कमिशनने पैसे दिले, तेव्हा १९८७ साली सिनेमा पुरा झाला. मग तुलाच दिवाळीच्या आत का संपवायचाय? दोन दिवस पठारावर उन्हात धावायचं, रात्री झोप नाही, आणि त्याच डोळ्यांनी खंबाटकीचा बोगदा ओलांडायचा. सुनीलमामाचं नाव मी काढणार नव्हते.

सोमवारी पहाटे पाचला निघत जा. मी उठवेन, डबा देईन. हेल्मेटची काच बदल, तिच्यावर चरे पडलेत. नोकरी सोडायचा विचारही एवढ्यात... बघ, परत सुरू झाले. नोकरीचं तुझं तू ठरव. रात्रीचं तेवढं ऐक.

‘मॉन्स्टर्स’ सिनेमावाल्या गॅरेथ एडवर्ड्सने इफेक्ट्स घरच्या कॉम्प्युटरवर केले असं तूच म्हणालास ना? घरीच! मग तुलाही माडीवरची खोली आहे की.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ जवळ आला होता, तेव्हा तू पाच वर्षांचा. बाबा तीन रात्री तुला खांद्यावर घेऊन गच्चीवर उभे, आणि वाईवर नुसते ढग. चौथ्या रात्री घटकाभर फट पडली. तो तांबडा ठिपका बघून तू विचारलंस, “ते आले तर आपल्याकडे जेवतील का?” बाबा म्हणाले, “आईला विचार.” मी काय उत्तर दिलं ते किती आठवूनही आठवत नाही.

तू दाखवलेला घाटावरचा तुकडा मी आक्कांकडे जाऊन पुन्हा पाहिला. यान कुठेच दिसत नाही. पायऱ्यांवरून सावली सरकते, आक्का वर बघतात आणि त्यांच्या हातातलं निरांजन हलतं. माझ्या अंगावर काटा आला. आक्का तर रडल्याच. हे तुला रविवारीच सांगायचं होतं, पण बोलले ते भलतंच.

कपाळ पेपरात गुंडाळून फ्रिजवर ठेवलंय. नवा ट्रे आणलाय, तो तुझा. शुक्रवारी उजेडात ये. उशीर होणार असेल तर एसटीने ये, नाहीतर शनिवारी सकाळी. निघताना मेसेज कर, आणि सुरूरला वळलास की अजून एक.

तुझी
आई